इंग्लंडमधली शाळा: पत्ता, तारीख आणि हजेरीपट

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणावर मराठी वर्तमानपत्रांत जे छापून येतं ते बहुतांशी विद्यापीठांविषयी असतं. मास्टर्सचे अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या, व्हिसा, राहण्याचा खर्च. पण नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनला निघालेल्या पुण्या-ठाण्याच्या घरांत पाच-सात वर्षांचं पोर असतं, आणि त्याच्या शाळेबद्दल मराठीत धड काही वाचायला मिळत नाही. कानावर येतं ते एवढंच, की 'तिकडे शाळा फुकट असते'. फुकट असते हे खरं, पण फुकट म्हणजे हवी ती नव्हे. आपल्याकडे प्रवेश म्हटलं की डोनेशन, पालकांची मुलाखत, कुणाची तरी ओळख. इंग्लंडच्या सरकारी शाळेत यांतलं काही चालत नाही. तिथे चालतो घराचा पत्ता, अर्जाची तारीख आणि एकदा आत गेल्यावर हजेरीपट. या तिन्हींपाशी मराठी पालक नेमके कुठे अडखळतात ते लिहावं म्हणून हा पत्रप्रपंच.

सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे शाळेचे कायदे वेगळे. स्कॉटलंडमध्ये तर वर्षच ऑगस्टच्या मध्यात सुरू होतं आणि पुढे सांगितलेला गैरहजेरीचा दंड तिथे नाही. एडिंबराच्या भावाने दिलेला सल्ला लंडनला लागू पडेल असं समजू नये.

आधी इयत्तेचा घोळ. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षात जन्मलेली मुलं एका वर्गात बसतात. चार वर्षं पूर्ण झाल्यावर जो सप्टेंबर येतो त्यात मूल 'रिसेप्शन'मध्ये जातं, पाच पूर्ण झाल्यावर 'इयर वन'मध्ये. महाराष्ट्रात पहिलीला सहा वर्षं लागतात. म्हणून आपली पहिली म्हणजे तिथली इयर टू, आपली चौथी म्हणजे इयर फाइव्ह, दहावी म्हणजे इयर इलेव्हन. आकडा एकाने पुढे असतो, मूल पुढे ढकललेलं नसतं. 'तिची तिसरी झालीय, पण इंग्रजी कच्चं आहे, इयर थ्रीतच ठेवा' ही विनंती शाळा सहसा मान्य करत नाही, कारण वर्ग वयावर ठरतो, गुणांवर नाही. वाकवता येतो तो नियम एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी: त्यांना वर्षभर थांबून पाचव्या वर्षी रिसेप्शनमध्ये घ्या असं मागता येतं. ते मान्य करणं न करणं प्रवेश देणाऱ्याच्या हाती असतं. लेखी उत्तर येण्याआधीच जो थांबून राहतो, त्याचं मूल रिसेप्शन न पाहता थेट इयर वनमध्ये जाण्याची शक्यता असते.

आता तारखा. रिसेप्शनचा अर्ज आदल्या शरद ऋतूत उघडतो, १५ जानेवारीला बंद होतो आणि निकाल १६ एप्रिलला लागतो. माध्यमिकचा, म्हणजे इयर सेव्हनचा अर्ज ३१ ऑक्टोबरला बंद होतो आणि निकाल १ मार्चला. सुट्टी आली तर निकालाचा दिवस पुढच्या कामाच्या दिवशी जातो. ३१ ऑक्टोबर ही तारीख काही वर्षी दिवाळीच्या धामधुमीत सापडते. २०२४ साली ती नरकचतुर्दशीलाच आली होती. उशिरा आलेला अर्ज फाडून टाकत नाहीत, पण वेळेत आलेल्या सगळ्या अर्जांचं वाटप झाल्यावर मग तो उघडतात. तोवर चांगल्या शाळा भरलेल्या असतात. आणखी एक: शाळेच्याच आवारातल्या नर्सरीत मूल जात असलं तरी रिसेप्शनचा अर्ज वेगळा करावाच लागतो. नर्सरीतून 'वर चढवत' नाहीत. ज्युनियर केजीतून सीनियरमध्ये आपोआप सरकणाऱ्या मुलांच्या पालकांना हे पटायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात जानेवारी उलटतो.

अर्ज शाळेकडे जात नाही, तो राहत्या भागाच्या काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे जातो, मग शाळा शेजारच्या काउन्सिलच्या हद्दीत का असेना. किमान तीन शाळांची नावं पसंतीक्रमाने देता येतात, लंडनमध्ये सहा. इथे सगळ्यांत जास्त चुकीचे सल्ले फिरतात. 'एकच नाव द्या म्हणजे त्यांना नाइलाजाने तीच द्यावी लागेल', 'अवघड शाळा पहिली लिहिली तर दुसरीवाले रागावतात'. दोन्ही चूक. तुम्ही कुठल्या क्रमांकावर लिहिलंय हे शाळेला कळवतच नाहीत. प्रत्येक शाळा आपापल्या निकषांवर मुलांची क्रमवारी लावते. ती क्रमवारी काउन्सिलकडे आली की ज्या ज्या शाळेत तुमचा नंबर लागतो त्यांतली तुमच्या यादीत सर्वांत वर असलेली एक तुम्हाला मिळते, बाकीच्या सोडून दिल्या जातात. त्यामुळे मनापासून हवी ती शाळा पहिली लिहायला काहीच तोटा नाही. तोटा होतो तो सहाच्या सहा नावं दूरच्या, गाजलेल्या शाळांची लिहिण्यात. एकीतही नंबर लागला नाही तर जिथे जागा उरली असेल ती शाळा काउन्सिल देतं, मग ती दोन बस बदलून जावी लागली तरी. यादीत शेवटचं नाव तरी घराजवळच्या, खात्रीच्या शाळेचं असावं.

क्रमवारी कशी लागते ते एका उदाहरणाने. समजा शाळेत रिसेप्शनच्या ६० जागा आहेत. विशेष शैक्षणिक गरजांच्या अधिकृत आराखड्यात ज्यांच्यासाठी या शाळेचं नाव लिहिलंय त्या मुलांना प्रवेश द्यावाच लागतो, धरू दोन. मग सरकारच्या ताब्यात वाढणारी किंवा तिथून दत्तक गेलेली मुलं, धरू एक. मग आधीपासून शाळेत असलेल्यांची भावंडं. मोठ्या शाळेत ती २५-३० सहज निघतात. राहिल्या तिशीभर जागा, आणि त्या अंतरावर वाटतात. काही ठिकाणी नकाशावर घर ते शाळा सरळ रेघ मारतात, काही ठिकाणी चालायचा रस्ता मोजतात, आणि ते मैलाच्या तिसऱ्या दशांशापर्यंत. एकाच इमारतीतली दोन मुलं शेवटच्या जागेशी अडली तर चिठ्ठी टाकतात. पुष्कळ काउन्सिलं मागच्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरून आलं तो आकडा प्रसिद्ध करतात. घर भाड्याने घेताना स्टेशन किती मिनिटांवर आहे हे सगळे विचारतात; हा आकडा बघणारा विरळा. बघावा, आणि तीन-चार वर्षांचा बघावा. एखाद्या वर्षी भावंडं जास्त निघाली की ०.६ मैलाचा आकडा ०.३ वर येतो.

आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांनाही अंतर लागतं, पण तिथे पुढे सोडत आहे. इंग्लंडच्या पद्धतीत अंतर जवळपास अखेरचा शब्द असतो, त्यामुळे चांगल्या शाळेभोवतीची घरं महागतात. फी नाही म्हणायचं आणि ती घरभाड्यातून वसूल करायची, असा हा प्रकार आहे, एवढं माझं मत. पण नियम हाच आहे तोवर त्याप्रमाणे वागलेलं बरं. मित्राचा पत्ता लावणं, शाळेजवळ दोन महिन्यांपुरतं घर घेणं असले उद्योग करू नयेत. काउन्सिल भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं बिल मागतं आणि फसवून घेतलेली जागा काढूनही घेतं.

चर्चच्या किंवा इतर धार्मिक शाळा सरकारी पैशावर चालत असल्या तरी त्यांचा एक पुरवणी अर्ज असतो. हॅरोतली कृष्णा-अवंती ही २००८ साली सुरू झालेली सरकारी अनुदानावरची पहिली हिंदू शाळा. अशा शाळांत जागा कमी आणि अर्ज जास्त झाले की उपासनेचा कागद मागतात. पुरवणी अर्ज राहिला तर मूल शेवटच्या गटात जातं.

बहुतेक मराठी कुटुंबं मात्र या वार्षिक चक्रात येतच नाहीत. आपली शाळा एप्रिलमध्ये संपते, मे-जूनमध्ये विमान, आणि इंग्लंडचं वर्ष तर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू. त्यांच्यासाठी 'इन-इयर' अर्ज असतो. काही भागांत तो काउन्सिलकडे, काही भागांत थेट शाळेकडे. अर्ज पोचल्यापासून जास्तीत जास्त १५ शालेय दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, १० दिवसांत द्यावं अशी अपेक्षा असते. शब्द 'शालेय दिवस' आहे. २० जुलैला दिलेल्या अर्जाचे दिवस सप्टेंबरपर्यंत मोजलेच जात नाहीत. म्हणून जूनच्या अखेरीस आलात तर सामान उघडण्याआधी अर्ज करा. भारतात बसून केलेला अर्ज बहुतेक काउन्सिलं भारतातल्या पत्त्यावर धरतात किंवा तुम्ही येईपर्यंत बाजूला ठेवतात. हॉटेल वा पंधरा दिवसांच्या सुट्टीच्या घराचा पत्ताही सहसा चालत नाही. लागतात ते कागद साधे: जन्मदाखला, घराचा करार, लसीकरणाची नोंद असली तर बरं. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत शिकता येतं. पर्यटक व्हिसावर आणून बसवता येत नाही.

जागा नाही म्हणाले तर नाव वेटिंग लिस्टवर टाकतात. आपण चौथे आहोत असं ऐकलं की माणूस निर्धास्त होतो, आणि महिन्याभराने सहावे आहोत असं कळलं की भडकतो. यात काळंबेरं काही नसतं. यादी अर्जाच्या तारखेवर लावायला नियमानेच बंदी आहे, ती निकषांवर लागते. शाळेला लागून असलेल्या घरात नवं कुटुंब आलं की ते तुमच्या वर जाऊन बसतं. रिसेप्शन आणि इयर सेव्हनची यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते, पुढे चालू ठेवायची की नाही हे शाळेचं धोरण. मिळालेली नावडती जागा मात्र नाकारू नये. ती स्वीकारल्याने वेटिंग लिस्टवरचा नंबर हलत नाही, आणि नाकारल्यावर काउन्सिलवर दुसरी शोधून देण्याचं बंधन राहत नाही.

अपील करता येतं, पत्र मिळाल्यापासून किमान २० शालेय दिवसांची मुदत असते आणि स्वतंत्र मंडळ ते ऐकतं. पण रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. तिथे 'आमचं मूल हुशार आहे', 'आम्ही दोघं नोकरी करतो' याचा उपयोग शून्य. नियमाबाहेर वागलं गेलं, अंतर चुकीचं मोजलं आणि त्यामुळे मिळायची जागा गेली, किंवा निर्णय कुणाही समजूतदार माणसाने घेतला नसता इतका विपरीत होता, यांपैकी काही दाखवता आलं तरच अपील टिकतं. इयर थ्रीपासून पुढे मंडळ तुमची अडचण आणि शाळेची अडचण तोलून बघतं, तिथे मांडणीला अर्थ आहे.

आता हजेरीपट, आणि यावर मराठी मंडळी सर्वांत जास्त पैसे घालवतात. इंग्लंडच्या शाळेचं वर्ष १९० दिवसांचं, आणि प्रत्येक दिवसाची हजेरी दोनदा: सकाळ, दुपार. विनापरवाना गैरहजेरीची अशी अर्ध्या दिवसाची १० सत्रं, म्हणजे पाच दिवस, कुठल्याही १० शालेय आठवड्यांत भरली की दंडाचा विचार शाळेला करावाच लागतो. सलग पाच दिवसच हवेत असं नाही. सकाळचा पट बंद झाल्यावर पोचलेलं मूल त्या सत्राला गैरहजर धरतात, त्यामुळे दहा वेळा केलेला उशीरही तिथेच नेऊन पोचवतो. १९ ऑगस्ट २०२४ पासून दंड असा: २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. तो कुटुंबाला नसतो, प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे असतो. दोन पालक, दोन मुलं, म्हणजे ८० चोक ३२० पौंड. तीन वर्षांत त्याच पालकाला त्याच मुलासाठी पुन्हा वेळ आली तर थेट १६०, सवलत नाही, म्हणजे त्याच घराला ६४०. तिसऱ्या वेळी पावती येत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं आणि तिथे दंड २,५०० पौंडांपर्यंत जातो.

हिशेब करणारे म्हणतात, ऑगस्टच्या तिकिटातला फरकच ३२० पौंडांहून मोठा आहे, दंड भरू आणि सप्टेंबरात जाऊ. पहिल्या वेळी हा हिशेब जुळतोही. पण शाळेच्या नोंदीत ती गैरहजेरी राहते, आणि पुढच्या दोन वर्षांत आजी आजारी पडली, लग्न निघालं, की खात्यावर एक दंड आधीच जमा असतो. 'आजारी आहे' असं सांगून मुंबईला जाणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही: सोमवारी वर्गात गोल करून बसल्यावर सुट्टीत काय केलं ते प्रत्येक मूल सांगतं, आणि सहा वर्षांचं मूल आजोबांच्या मोदकांबद्दल अगदी खरं खरं सांगतं.

गणपतीचं गणित दरवर्षी वेगळं. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली, शाळा उघडण्याआधी. २०२६ साली ती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. नव्या वर्षाचा पहिला-दुसरा आठवडा, रजा मिळण्याला सर्वांत वाईट काळ. धार्मिक दिवसासाठी हजेरीपटावर वेगळी खूण आहे आणि ती गैरहजेरी परवानगीची धरतात. पण ती त्या एका दिवसाची. आधी लेखी कळवावं, सणाचं नाव आणि तारीख लिहावी, आणि 'गावी जायचंय' हे शब्द त्याच पत्रात घालू नयेत, कारण प्रवास हा धार्मिक दिवस होत नाही. दहा दिवसांच्या गणपतीला दहा दिवस कुणी देत नाही. इतर कारणांसाठी रजा फक्त अपवादात्मक परिस्थितीत, आणि ती कोणती हे मुख्याध्यापक ठरवतात. स्वस्त तिकीट त्यात बसत नाही, चुलत भावाचं लग्न बहुतेक वेळा बसत नाही. दिवाळीला ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या सुट्टीत गाठता येतं, पण तीही दरवर्षी नाही. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, ती सुट्टी बहुतेक ठिकाणी त्याआधीच संपलेली असेल. रविवार आहे एवढंच नशीब.

दोन महिने पुण्याला राहून येऊ म्हणणाऱ्यांचा धोका दंडाहून मोठा आहे. २० शालेय दिवस सलग विनापरवाना गैरहजर राहिल्यावर, शाळा आणि काउन्सिल यांनी मिळून चौकशी करून, मुलाचं नाव पटावरून काढता येतं. परत आल्यावर पुन्हा इन-इयर अर्ज, पुन्हा वेटिंग लिस्ट. आणि ते जिच्यासाठी घर बदललं त्याच शाळेपुढे.

अभ्यासाविषयी फार लिहीत नाही, पण दोन ठिकाणी मराठीपणच आडवं येतं, ते सांगतो. पहिलं वाचन. रिसेप्शनमध्ये आधी अक्षरांची नावं शिकवत नाहीत, ध्वनी शिकवतात, आणि ते शुद्ध व्यंजन हवे असतात. आपल्या 'ब'मध्ये 'अ' दडलेला असतो. शिक्षिकेला हवा असतो पाय मोडलेला 'ब्'. घरी आई 'ब-अॅ-ट' असं सुटं म्हणून दाखवते, मूल जोडताना 'बअॅटअ' म्हणतं आणि त्यातून बॅट काही बाहेर येत नाही. आपल्याला हलन्त ठाऊक आहे, तोच वापरायचा: ब्, अॅ, ट्. 'एस'चं नाव घेऊ नये, साप फुसफुसल्यासारखं 'स्स्स्' म्हणावं. 'एम' म्हणजे ओठ मिटून 'म्म्म्'. येण्यापूर्वी ए बी सी डी घोकून घेतलेल्या मुलाला आधी ती नावं विसरावी लागतात. इयर वनच्या जूनमध्ये शिक्षिका एकेका मुलाला समोर बसवून ४० शब्द वाचून घेते. त्यांतले २० निरर्थक, बनवलेले असतात आणि शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं. उत्तीर्ण होण्याची रेषा ३२ च्या आसपास असते. इथे चांगलं वाचणारी मुलं फसतात: 'स्ट्रॉम' असा निरर्थक शब्द दिसला की शहाणं मूल तो सुधारून 'स्टॉर्म' वाचतं आणि गुण जातो. चित्र दिसलं की शब्दाला अर्थ नाही, लिहिलंय तसंच वाचायचं, हे मुलाला दोनदा बजावलेलं पुरतं. राहिलाच तर इयर टूमध्ये पुन्हा घेतात, निकालपत्रावर शिक्का बसत नाही.

दुसरं पाढे. इयर फोरच्या जूनमध्ये संगणकावर पाढ्यांची चाचणी असते, १२ बारापर्यंत, २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. तीसपर्यंत पाढे पाठ असलेलं मूल इथे सहज सुटेल असं वाटतं. पण आपले पाढे चालीवर असतात. सहा साते विचारलं की मूल सहा एके सहापासून निघतं आणि पंचे तीसपाशी वेळ संपते. शिवाय 'बेचाळीस' मनात आलं की 'बे' आधी ऐकू येतं, बोट आधी २ वर जातं आणि पडद्यावर २४ उमटतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. मुळातली अडचण तीच, एकक आधी बोलायचं आणि दशक आधी लिहायचं. उपाय पाढे सोडणं हा नाही. पाठ झाल्यावर मधूनच विचारायचं, सहा, सात, आठ, नऊ आणि बाराचे जास्त, आणि उत्तर तोंडी न घेता आकड्यांच्या कळांवर टाइप करून घ्यायचं.

प्रवेशाच्या अर्जात घरची भाषा विचारतात. तिथे बरेच पालक भीतीने इंग्रजी लिहितात: मूल मागे टाकतील, वेगळं बसवतील. उलट आहे. मराठी लिहिलं तर, मूल इंग्लंडच्या शाळेत नवं असेल तोवर, पहिल्या तीन वर्षांत त्या नोंदीमागे शाळेच्या निधीत भर पडू शकते, आणि 'हे मूल गप्प का' याचं खरं कारण शिक्षिकेला कळतं.

डबा: पुष्कळ शाळांत दाण्यांना बंदी असते आणि त्यात शेंगदाणे आलेच. चिक्की कुणी देत नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीतलं नि काकडीच्या कोशिंबिरीतलं कूट विसरलं जातं. वर्गात गंभीर अॅलर्जी असलेलं मूल असेल तर हा गमतीचा विषय नाही. इयर टूपर्यंत शाळेचं जेवण सर्वांना मोफत आहे, लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून इयर सिक्सपर्यंत. शाकाहारी पर्याय असतो. वाढदिवसाला वाटलेल्या रबरासारख्या चघळायच्या गोळ्यांत मात्र बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला पदार्थ असतो. शाकाहार पाळणाऱ्यांनी शिक्षिकेला आधी सांगावं.

ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी माध्यमिक शाळा. तिच्याबद्दल मराठी घरांत चौथीपासून कुजबूज सुरू होते. इंग्लंडभरात अशा १६३ शाळा, त्या केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर, लंडनचे काही भाग अशा मोजक्या ठिकाणी. परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला सप्टेंबरात, पण तिची नोंदणी आधीच्या उन्हाळ्यात, इयर फाइव्ह संपता संपता बंद होते. केंटमध्ये ती जूनमध्ये असते. ऑगस्टात उतरलेल्या कुटुंबाच्या हातून ती गेलेली असते. नोंदणी केली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असंही नाही, ३१ ऑक्टोबरचा फॉर्म वेगळा भरावाच लागतो. आणि उत्तीर्ण होणं म्हणजे जागा नव्हे. काही शाळा उत्तीर्णांतही अंतर मोजतात, काही सर्वाधिक गुणांपासून खाली येतात. कोचिंगला पैसे मोजण्याआधी शाळा यांतल्या कुठल्या प्रकारची आहे ते विचारावं. खासगी शाळांचा मार्ग आहेच, १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या फीवर २० टक्के व्हॅट बसतो. त्यांतल्या जुन्या, नामांकित शाळांना तिकडे 'पब्लिक स्कूल' म्हणतात, यावर आपल्या गावोगावच्या पब्लिक स्कूलवाल्यांना हसू यावं.

मोठ्या मुलांना घेऊन निघालेल्यांनी दोन गोष्टी तिकीट काढण्याआधी बघाव्यात. जीसीएसई, म्हणजे तिथली दहावी, हा इयर टेन आणि इलेव्हन असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नववी करून आलेलं मूल इयर टेनच्या अखेरीस किंवा इयर इलेव्हनच्या तोंडावर पडतं, जिथे अर्धा भाग शिकवून झालेला असतो आणि शाळेगणिक परीक्षा मंडळ नि इंग्रजी साहित्याची पुस्तकंही वेगळी. त्यापेक्षा दहावी पूर्ण करून सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीला आलेलं सोपं. इंग्रजी आणि गणिताची आपली पातळी जीसीएसईच्या चौथ्या, म्हणजे उत्तीर्ण धरल्या जाणाऱ्या श्रेणीच्या बरोबरीची धरतील का, एवढं कॉलेजकडून लेखी घ्यावं, नाहीतर ते दोन विषय पुन्हा द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट विद्यापीठाची फी. शाळा मोफत मिळाली म्हणून पदवीलाही स्थानिक फी लागेल असं धरून चालणारे अठराव्या वर्षी हादरतात. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची कमाल फी २०२५-२६ साली ९,५३५ पौंड होती. ती मिळायला सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी कायम निवासाचा परवाना आणि त्याआधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य लागतं. नुसत्या नोकरीच्या व्हिसावरच्या पालकाचं मूल, दहा वर्षं तिथल्या शाळेत गेलेलं असलं तरी, परदेशी विद्यार्थी ठरू शकतं आणि फी दुप्पट-तिप्पट होते. हा परवाना आजवर साधारण पाच वर्षांनी मागता येत होता, ती मुदत वाढवण्याचे सरकारचे प्रस्ताव आहेत. मूल तेरा वर्षांचं असताना निघणाऱ्यांनी बोटं मोजून बघावीत.

आपल्या अंकात जागा असेल तर एवढं करावं: दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक छोटी चौकट छापावी. इयर सेव्हन, ३१ ऑक्टोबर. रिसेप्शन, १५ जानेवारी. इंग्लंडला निघालेल्या घरात ती कापून कपाटावर चिकटवली जाईल.

कळावे,

एक पालक,
हॅरो, लंडन